भोंगा वाजतो की रोज

तिन्हीसांजेला झोपू नये म्हणतात. मला ठाऊक आहे हो. लग्न होऊन ह्या किनाऱ्यावर आले तेव्हापासून सासूबाई हेच ऐकवताहेत, आणि घाटावरच्या सुनेला एवढीही रीत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून मी ते पाळतेही. पण आज डोळे माझं ऐकत नाहीत. मी प्रणित भावोजींच्या खोलीत जमिनीवर बसले आहे, पाठ त्यांच्या टेबलाच्या पायाला टेकलेली, मांडीवर लॅपटॉप. खिडकीतून खाडीचा खारट वास येतो आहे. लॅपटॉपवर हिरव्या ओळी एकाखाली एक उतरताहेत आणि मला त्या नीट दिसेनाशा झाल्या आहेत.

झोपायचं नाही, मी स्वतःला बजावते. आज तर मुळीच नाही. मंदाकाकी खडपावर आहे, आणि तिला मी पाठवलं आहे.

थांबा, नीट सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई बरळते.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचा दोघांचा धंदा एकच: लोकांचे दूरदेशी क्लाउडवर ठेवलेले सर्व्हर आपोआप वेळेवर उठवायचे, वेळेवर झोपवायचे, त्यासाठी स्क्रिप्ट लिहायच्या आणि त्या अडल्या की डोकं धरून बसायचं. दोघंही घरूनच काम करायचो. माझा नवरा जहाजावर, सहा महिने घरी नाही, त्यामुळे घरात सासूबाई, मी आणि भावोजी. स्क्रिप्ट अडली की मी आधी तिच्या आईबापांचा उद्धार करायची आणि भावोजी पडवीतून ओरडायचे, "वहिनी, शिव्या संपल्या की लॉग बघा."

आमच्या वाडीतल्या बायका ओहोटीला खडपावर कालवं काढायला जातात. खडप म्हणजे कातळांचा पट्टा, तो समुद्रात बराच आत आहे, जायला वाळूची एक चिंचोळी दांडी. भरती लागली की पाणी समोरून येत नाही, मागून येतं. आधी दांडी बुडवतं. मान खाली घालून कालवं ठोकणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही. पूर्वी काठावरून कुणीतरी बोंब मारायचं. मग भावोजींनी किनाऱ्यावरच्या खांबाला भोंगा बसवला, त्याची वायर घरात आणली आणि ह्या खोलीत, ह्याच टेबलावर, एक छोटा खोका ठेवला. क्लाउडवरची स्क्रिप्ट रोज भरतीची वेळ काढते, ती वेळ झाली की खोक्याला सांगते, आणि खोका भोंग्यातून भावोजींच्याच आवाजात ओरडतो: "पाणी भरतंय होऽ! माघारी फिराऽ!" बायका खडपावरून येईपर्यंत थांबून थांबून ओरडत राहतो.

गणपती गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यात भावोजी गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, गाडी काढेपर्यंत सगळं आटोपलं. लग्नाचं बघत होतो त्यांच्या.

आणि त्यांच्यानंतर भोंगा मुका झाला.

म्हणजे पुरता मुका नाही, तीच तर पंचाईत. मी खांबाखाली उभी राहून फोनवरून हातानं वाजवला की असा ठणठणीत वाजतो की कावळे उडतात. पण त्याच्या त्याच्या वेळेला चिडीचूप. आणि लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदवहीत, बघावं तर हिरवीगार ओळ: खोक्याला निरोप पोचला, खोक्यानं वाजवलं, सगळं ठीक. अरे, ठीक काय तुझं कपाळ? भावोजींचं खातं बंद झालं म्हणून असेल, म्हणून स्क्रिप्ट माझ्या खात्यावर आणली. किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, तेही नवे केले. परदेशातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तिथं गडबड असेल म्हणून तेही तपासलं. खोक्याचा पत्ता बदलून पाहिला. जे जे सुचलं ते ते केलं, आणि ती बया रोज हिरवी ओळ तोंडावर फेकते.

सासूबाईंना म्हटलं, "आई, भोंगा काही केल्या वाजत नाही हो."

त्या म्हणाल्या, "वाजतो की गो रोज. मी ऐकते ना."

सासूबाईंचा डावा कान लहानपणीच गेला, उजव्यानं जेमतेम ऐकू येतं. पोराचा आवाज कानात बसलाय बिचारीच्या, असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि दोघं मिळून हळहळलो. ह्या खोलीत भावोजींसाठी दिवा ठेवला होता. तेरावा झाला तरी त्या दिवा लावायच्या थांबल्या नाहीत. कधी सांजेला, कधी भरदुपारी बाराला, दार ओढून घेऊन आत बसायच्या. मीच ह्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, त्यांना काय सांगणार?

चार दिवसांपूर्वी वाडीतली मंदाकाकी गळ्यापर्यंत भिजून आमच्या अंगणात उभी राहिली. टोपली गेली, चपला गेल्या. म्हणाली, "बाय, तुझा भोंगा वाजणार हाय का नाय ता एकदा सांग. नायतर आमी आपली जुनी बोंब लावतो." मला ते झोंबलं. म्हटलं, "पौर्णिमेला मी स्वतः खोक्याशेजारी बसते. वाजला नाही तर हातानं वाजवीन. तुम्ही निर्धास्त जा."

आज पौर्णिमा. उधाण. चौघी गेल्या आहेत. आणि दोन रात्री कंपनीच्या कामानं जागलेली मी इथं बसून पेंगते आहे.

हिरवी ओळ. हिरवी ओळ. टेबलाचा पाय पाठीला गार लागतो.

मी पुण्याच्या जुन्या ऑफिसात आहे. काचेची मीटिंगची खोली, लांबलचक टेबल, आणि टेबलाच्या टोकाला भावोजी बनियन आणि बर्म्युड्यात बसले आहेत. खुर्च्यांच्या पायांना कालवं चिकटलेली आहेत. ती कुणी साफ का केली नाहीत म्हणून मला राग येतो.

"या वहिनी," ते म्हणतात. "शिव्या झाल्या का घालून?"

ह्यांच्या तेराव्याचे वडे मी तळलेत. माझ्या हातावर अजून त्या तेलाचा डाग आहे.

"भावोजी, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की."

"मग इथं कसे?"

"तुम्ही मीटिंग लावलीत. नाही म्हणता येतं का मला?"

ते हसतात. तेच हसणं, एका बाजूचा दात दुसऱ्यावर चढलेला. आणि मग मला त्यांचे कान दिसतात. दोन्ही कानांत कापसाचे बोळे आहेत, त्या दिवशी शेजारच्या तात्यांनी घातले होते तसेच, पांढरेशुभ्र. मी टेबलाची कड घट्ट धरते.

"घाबरू नका," ते म्हणतात. "काय अडलंय ते बोला."

"भोंगा वाजत नाही," मी म्हणते. कसंबसं.

"वाजतो की."

"अहो, तुम्ही पण?"

"अजून कोण म्हणतं?"

मी उत्तर देणार तर माझ्या हातात झारा आहे. आमचं स्वयंपाकघर. कढईत तेल तापलं आहे आणि वड्यांऐवजी त्यात हिरव्या ओळी तरंगताहेत. त्या मी एकेक करून उलटते. भावोजी मागच्या दारात उभे आहेत, पाय ओले, उंबऱ्यावर वाळू.

"काय काय बदललंत?" ते विचारतात.

"खातं बदललं. किल्ल्या बदलल्या. घड्याळ तपासलं. पत्ता बदलला."

"छान. ताप कुणाला आलाय ते न विचारता घरातल्या सगळ्यांना काढा पाजलात."

"मग काय करायचं होतं? ती मेली म्हणते वाजवलं, वाजवलं!"

"कोण, स्क्रिप्ट?"

"हो!"

"मग वाजवलंच असेल. ती खोटं कशाला बोलेल वहिनी? ती काय नातेवाईक आहे?"

मला हसू येतं. खरंच येतं. आणि त्याच क्षणी भावोजींचा चेहरा थिजतो. डोळे माझ्यावरून उडून दूर कुठेतरी लागतात. ओठ मिटलेले आहेत, मी बघते आहे, ओठ मिटलेलेच आहेत, आणि त्यांचा आवाज येतो, मोठा, हेल काढलेला: "पाणी भरतंय होऽ! माघारी फिराऽ!"

झारा माझ्या हातून पडतो. पडल्याचा आवाज येत नाही.

"हे काय? काय केलंत हे?"

"काय केलं? चहा आहे का थोडा?" ते पुन्हा आपल्या साध्या आवाजात म्हणतात, जसं काही झालंच नाही.

आवाज आला तो माझ्या डाव्या कानात आला. फक्त डाव्या. उजव्या कानाशी कढईतलं तेल चुरचुरतं आहे आणि डाव्या कानात, अगदी आत, पडद्याला लागून, मेलेला माणूस बोलला आहे.

"भावोजी, मला भीती वाटतेय."

"वाटायलाच हवी. खाली बघा."

खाली पाणी आहे. घोट्यापर्यंत. चूल नाही, ओटा नाही. मी खडपावर उभी आहे. अंधारून आलं आहे, चंद्र अजून वर नाही. चौघी बायका वाकून कालवं ठोकताहेत, टक टक टक टक, माझ्या कीबोर्डचा आवाज येतो तसाच. मंदाकाकीची पाठ मला दिसते, हिरवा काष्टा, डोक्याला बांधलेला टॉवेल. मी हाक मारते. तोंड उघडतं, बंद होतं. आवाज नाही. दांडीकडे बघते तर दांडी नाही. नुसतं पाणी, काळं, सपाट, गुपचूप वर येणारं.

भावोजी ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसून पाण्यातच आहेत. खुर्ची हळूहळू डुलते आहे.

"ओरडा ना!" मी म्हणते. त्यांच्याशी बोलताना मात्र मला आवाज फुटतो. "तुमचा भोंगा, तुमचा आवाज! ओरडा की हो!"

"ओरडतोच आहे," ते म्हणतात. "कधीपासून."

आणि पुन्हा तो आवाज, मिटल्या ओठांतून, माझ्या डाव्या कानात: "पाणी भरतंय होऽ! माघारी फिराऽ!" बायकांपैकी एकही मान वर करत नाही. टक टक टक टक. पाणी पोटरीला लागतं.

मला संताप येतो. एवढा संताप की भीती मागे पडते. मी पाण्यातून पाय ओढत त्यांच्यापर्यंत जाते आणि त्यांचा खांदा धरून हलवते. खांदा गार आहे.

"असं एका कानात काय कुजबुजता? नीट बोला! दोन्ही बाजूंनी बोला! ह्या बायांना ऐकू जायला हवं!"

भावोजी माझ्याकडे बघतात. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, आता हे रडतील.

"दुसरी बाजू आईकडे आहे, वहिनी."

"आईंकडे? आईंकडे म्हणजे काय?"

ते हात वर करून आपल्या कानातला कापसाचा बोळा काढतात आणि माझ्या डाव्या कानात हलकेच बसवतात. बोळा टणक आहे. कापूस इतका टणक कसा असेल, असं मनात येतं.

"तिन्हीसांजेचं झोपू नये," ते म्हणतात. "उठा."

मी उठते.

खोलीत अंधार. टेबलावर दिवा लागला आहे. माझ्या गालाला कुणाचा तरी गाल लागलेला आहे, सुरकुतलेला, ओला. मी किंचाळणारच असते. सासूबाई आहेत. माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आहेत, डोकं माझ्या डोक्याला टेकवून, डोळे मिटून, आणि त्या हसताहेत. भावोजी गेल्यापासून पहिल्यांदाच.

आणि माझ्या डाव्या कानात भावोजी ओरडताहेत: "पाणी भरतंय होऽ! माघारी फिराऽ!"

मी जागी आहे. पूर्ण जागी आहे. दिवा दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि मेलेला माणूस माझ्या कानात बोलतोच आहे. मी कानाकडे हात नेते. टणक, छोटं. इअरफोनचं बोंड. त्यातून निघालेली वायर माझ्या गळ्यावरून खाली उतरते, तिथं दुसरी वायर तिला येऊन मिळते, ती दुसरी सासूबाईंच्या उजव्या कानात, आणि दोन्ही मिळून टेबलावर चढतात आणि खोक्याच्या पोटात शिरतात.

इअरफोन. भावोजींचा. टेबलाच्या खिळ्याला टांगलेला असायचा. गावाला उगीच त्रास नको म्हणून स्क्रिप्ट तपासताना ते खोक्याला इअरफोन लावायचे. तो लावला की बाहेरचा आवाज बंद होतो, सगळा आवाज कानात. दुनियेतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

"उठलीस?" त्या म्हणतात. मोठ्यानं, नेहमी बोलतात तसंच. "उठवणारच होते, तिन्हीसांजा झाल्या. पण म्हटलं दमलेय पोर, झोपेत का होईना, ऐकू दे तिलाही. रोज येतो बघ भरतीच्या वेळेला. त्या भोंग्यात नुसता खरखरतो, माझ्या कानाला काय कळत नाही. ह्यात कसा जवळ येऊन बोलतो. मी सांगत होते ना तुला, वाजतो की रोज?"

बाहेर चिडीचूप आहे. खिडकीबाहेर, अंगणात, किनाऱ्यावर, कुठंही काहीही वाजत नाही. फक्त पाण्याचा आवाज, आणि तोही फार जवळून.

मंदाकाकी.

मी अशी उठते की लॅपटॉप जमिनीवर आपटतो. इअरफोनच्या पिनेला हात घालते आणि ती खोक्यातून खेचून काढते. खांबावरून भोंगा फुटतो. खिडकीची तावदानं थरथरतात. "पाणी भरतंय होऽ! माघारी फिराऽ!" सगळ्या वाडीवर, खाडीवर, समुद्रावर तो आवाज पसरतो आणि मी अनवाणी धावत सुटते, केस मोकळे, कुठं पाय पडतो ते न बघता.

दांडी निम्मी गेली आहे. पलीकडे खडपावर वाकलेल्या पाठी दिसतात. एक सरळ होते. मग दुसरी. मग दोघी एकदम. टोपल्या डोक्यावर जातात. त्या दांडीवर उतरतात, पाणी गुडघ्याला, मांडीला, मधे एका ठिकाणी कमरेच्याही वर, आणि एकमेकींचे हात धरून त्या येत राहतात. मी मोजते आहे. पुन्हा पुन्हा मोजते आहे. चौघी. चौघीच्या चौघी. मी पाण्यात मांडीपर्यंत शिरून मंदाकाकीचा हात धरते आणि तो सोडत नाही.

"एवढा उशीर?" ती धापा टाकत म्हणते. "भोंग्याची वाट बघत बसलेव, तू सांगितलंस म्हणून. मेलेव असतो गो टवळे!" आणि मग माझ्याकडे नीट बघते. "तू कशाला रडतंस?"

मी मागे बघते. सासूबाई अंगण उतरून वाळूत आल्या आहेत. त्यांच्या हातात इअरफोन लोंबतो आहे, आणि त्या घाबरल्या आहेत.

"बंद पडला गो," त्या म्हणतात. "मधेच बंद पडला. बघ ना काय झालं त्याला."

आता मी काय सांगू ह्यांना? ज्या आवाजावर ह्या जगत होत्या तो मी आत्ताच ओढून काढला. मी त्यांच्याजवळ जाते, दोन्ही खांदे धरते आणि त्यांचा उजवा कान खांबाकडे करते. त्या ऐकतात. थोडा वेळ त्यांना काही कळत नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बदलत जातं. त्या खांबाकडे बघतात. निथळत उभ्या असलेल्या चौघींकडे बघतात. दांडीकडे बघतात, तर दांडी आता पुरती पाण्याखाली आहे. ह्या समुद्रावर जन्म गेला त्यांचा, जास्त सांगावं लागत नाही.

"मी गो?" त्या म्हणतात. "माझ्यामुळं?"

"नाही आई," मी म्हणते. "कुणाला माहीतच नव्हतं."

मंदाकाकीला यातलं काही ठाऊक नाही. ती टोपली खाली ठेवते, त्यातली मूठभर कालवं सासूबाईंच्या पदरात टाकते आणि म्हणते, "तुझ्या झिलानं, प्रणितनं, आणलंन बघ आमाला."

भोंगा पुन्हा ओरडतो. सासूबाई मान वर करून ऐकत राहतात, कालवांचा पदर पोटाशी धरून.

"किती ओरडतोय," त्या म्हणतात. "पुरे म्हणावं आता. आल्या त्या सगळ्या. घसा बसेल त्याचा."

मी फोन काढते आणि भोंगा थांबवते. आणि मग माझ्या लक्षात येतं की मला डाव्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही. हात लावून बघते. बोंड कानातच आहे, वायर तुटून गळ्यावर लोंबते आहे. मी ते काढून सासूबाईंपुढे धरते. त्या ते घेत नाहीत. माझी बोटं त्यावर मिटवतात आणि वळून घराकडे चालायला लागतात.

मी मूठ उघडत नाही. बोंड अजून कोमट आहे.